यादीतलं सातवं उपकरण

नवा राउटर मी फतेगंजच्या बाजारातून आणला तो बायकोच्या कटकटीमुळे, हे आधीच सांगून टाकतो. ती अकरावी-बारावीच्या मुलांना घरून ऑनलाइन फिजिक्स शिकवते, रोज चार ते सहा. आणि रोज चार वाजून दहा मिनिटांनी तिचा आवाज तुटायचा, चित्र थिजायचं. पाच-सात मिनिटांनी सगळं पुन्हा सुरळीत. "रिफायनरीत तीस वर्षं काय केलंत तुम्ही? एक वायफाय बराबर चालत नथी घरात!" असं ती मला सुनवायची. ती गुजराती, मी मराठी. पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्या आईशी झकास मराठी बोलायला शिकली, पण चिडली किंवा घाबरली की तिचं गाडं गुजरातीत शिरतं.

मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी यंत्रं लावायची, तपासायची, बिघडली की बदलायची. तिथला एक नियम माझ्या अंगात मुरलाय. यंत्र नवं बसवलं तरी त्याचा टॅग नंबर जुनाच ठेवायचा. म्हणजे पलीकडे कंट्रोल रूममध्ये बसलेल्यांना काही बदलावं लागत नाही. घरीही मी तेच केलं. नव्या राउटरला जुन्याचंच नाव दिलं, पासवर्ड जुनाच. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरची मोठी डिस्क काढून राउटरच्या मागे जोडली आणि तिलाही त्या कॉम्प्युटरचंच नाव-पत्ता दिला. घरातल्या फोनांमधले फोटो आणि रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं त्या डिस्कवर आपापल्या फोल्डरात आपोआप जाऊन पडत होते, ते तसेच पडत राहिले. एकाही फोनला हात लावावा लागला नाही. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

मग प्राधान्यक्रम ठरवायला बसलो. या राउटरमध्ये कुठल्या उपकरणाला आधी वाट द्यायची, कुणाला थांबवायचं, हे सांगता येतं. बायकोचा लॅपटॉप सगळ्यांत वर. मग तिचा फोन, माझा फोन, माझा टॅबलेट, प्रिंटर, शेवटी टीव्ही. झाली सहा. आईकडे कसलंच उपकरण नव्हतं, त्यामुळे यादीत आई नव्हती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

यादीत सातवं काहीतरी होतं. नाव नाही, फक्त आकडे नि अक्षरांची माळ. जुन्या बनावटीचं, कमी वेगाचं. असलं जुनं उपकरण हळू बोलतं, आणि त्याचं बोलून होईस्तोवर हवेतल्या बाकीच्यांना थांबावं लागतं. म्हटलं, सापडला चोर! शेजारच्या कुणीतरी आमचा पासवर्ड पळवलाय. आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत भिंतीला भिंत लागून आहे. चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवून ते शेवटचं जोडलं गेलं तेव्हा सिग्नल किती होता ते मी पाहिलं. पूर्ण होता. शेजारून इतका येत नाही. ते जे काही होतं, ते आमच्या घरात होतं.

दुसऱ्या दिवशी चारला मी बागेतल्या रोजच्या फेरीला गेलो नाही. राउटरसमोर खुर्ची टाकून बसलो. बायको पुढच्या खोलीत कानाला हेडफोन लावून शिकवत होती. आई तिच्या खोलीत, दार लोटलेलं. चार वाजून आठ मिनिटांपर्यंत काही नाही. दहाला ते उपकरण यादीत जागं झालं आणि डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला. घरात कुणीही डिस्कला हात लावलेला नव्हता. तिथं कुणीतरी काहीतरी आणून ठेवत होतं.

मी डिस्क उघडली. नवी फाइल बाबांच्या फोल्डरात येऊन पडली होती.

बाबांना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. तेराव्याला त्यांच्या चपला, छत्री, चष्मा, फोन, सगळं एका पिशवीत घालून मी स्वतः देऊन टाकलं होतं. निदान पिशवीत फोन घातल्याचं मला पक्कं आठवत होतं. शेवटच्या वर्षांत त्यांना लिहायला दिसत नसे, म्हणून ते फोनवर बोलून ठेवायचे, गॅस कधी लावला, गोळ्या किती उरल्या. त्या फायली फोल्डरात होत्याच. पण त्यांच्या खाली, ते गेल्यानंतरच्या तारखांच्या, रोजची एक फाइल होती. एकही दिवस सुटलेला नव्हता. प्रत्येकीची वेळ चार वाजून दहाच्या आगेमागे.

खोटं कशाला सांगू? तीस वर्षं उकळत्या तेलाच्या पायपांखालून फिरलोय, पण अशी भीती कधी वाटली नव्हती.

सहाला वर्ग संपला तेव्हा बायकोला बोलावलं आणि त्या दिवशीची फाइल लावली. आधी पंख्याची घरघर. मग बराच वेळ काही नाही. मग श्वास, अगदी जवळ, फोनला तोंड लावल्यासारखा. कुजबुज, शब्द न कळणारी, मध्येच थांबणारी. थांबायची, आणि पुन्हा सुरू होताना कुणाला तरी उत्तर दिल्यासारखी "हो, हो" म्हणायची. आणि मागे, भिंतीपलीकडून, एक बाई स्पष्ट आवाजात शिकवत होती.

"आ तो हूं छुं," बायको म्हणाली. तिचाच आवाज होता तो, त्याच दिवशीचा, लंबकाचा धडा. मेलेल्या सासऱ्याच्या फोल्डरात स्वतःचा आवाज ऐकून तिनं माझा दंड असा धरला की वळ उठले. शेवटी कुजबुज थोडी वर आली आणि दोनच शब्द कळले, "येते हं."

"येते? एटले आवे छे?" बायको म्हणाली. "कोण येतंय? कोण आवे छे घरमां?"

आम्ही आणखी दहा-बारा फायली लावल्या. आतलं काही कळेना, पण प्रत्येकीच्या शेवटी तेच. येते हं. येते हं. मी मराठी माणूस. घरातून निघताना "जाते" म्हणू नये, "येते" म्हणावं, हे मी चड्डीत असताना आईनंच मला शिकवलंय. पण त्या संध्याकाळी माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे. बायकोनं गुजरातीत भीती घातली आणि मीही गुजरातीतच घाबरलो. कुणीतरी येतंय, रोज सांगतंय, एवढंच डोक्यात बसलं.

वाचणारा म्हणेल, अरे शहाण्या, घरात तिसरं माणूस कोण होतं? आई होती. पण आई बोलत नव्हती. बाबा गेले त्या दिवसापासून तिनं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. घसा ठीक, जीभ ठीक, डोक्याचा फोटो ठीक. डॉक्टरांनी हात टेकले होते. हवं-नको मानेनं सांगायची. शेजारच्या बायका "मासी, काईक तो बोलो" म्हणत समोर बसायच्या नि कंटाळून उठायच्या. तिनं एकदा हाक मारावी म्हणून मी काय काय केलं ते माझं मला ठाऊक. जी बोलतच नाही तिचा संशय कसा येणार? तरी त्या संध्याकाळी मी तिच्या दारातून डोकावलो. भिंतीकडे तोंड करून निजली होती. दार लोटून घेतलं.

आणि आणखी एक गोष्ट, लाज वाटते तरी सांगतो. चौदा महिन्यांत मी आईचा आवाज विसरलो होतो.

राउटरच्या यादीत सातव्या ओळीपुढे बोट ठेवलं आणि ते उपकरण कायमचं बंद केलं. "जा तिकडं!" असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. दुसऱ्या दिवशी बायकोचा वर्ग लोण्यासारखा चालला. डिस्कचा दिवा लागला नाही. रात्री आम्ही दोघं जेवताना हसलो, आपण किती घाबरट आहोत म्हणून.

तिसऱ्या दिवशी आईनं चहा परत पाठवला. उन्हाळा आहे, म्हटलं, नसेल जात. मग पोळी सुटली. मग भात. आठवड्याच्या शेवटी नुसतं चार चमचे ताक. डॉक्टर घरी येऊन गेले, नाडी पाहिली, "वय झालं आता" म्हणाले. मी त्यांच्यावर खेकसलो. वय काय एका आठवड्यात होतं? पण आई खरंच चालली होती. डोळे उघडे असायचे आणि आम्ही दिसत नसायचो. चारला बागेत पाय मोकळे करायला जायचो तेवढं सोडलं तर मी तिच्या उशाशी बसून राहायचो आणि तिचा श्वास मोजायचो, दुसरं काही येत नव्हतं म्हणून.

बाराव्या दिवशी दुपारी बायको तिची चादर बदलत होती. उशीचा अभ्रा काढला आणि बाबांचा फोन खाली पडला.

पिशवीतून आईनं तो कधी काढून घेतला होता, देव जाणे. सिम बंद, काचेला तडा, पण बॅटरी भरलेली. चार्जर पलंगामागे होता. पडद्यावर रेकॉर्डिंगची यादी होती. जुन्या सगळ्यांपुढे छोटीशी हिरवी खूण. वरच्या दहांपुढे खूण नव्हती, तिथं नुसतं घड्याळाचं चित्र, पोचवायचं बाकी असल्याचं.

मग मला आठवलं. शेवटच्या वर्षी बाबा रेकॉर्ड करायचे तेव्हा आई शेजारी बसायची. ते तिला दाखवायचे, "हे लाल दाब, बोल, परत दाब. हिरवी खूण आली की पोचलं समज." कुठं पोचलं, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

न पोचलेली पहिली फाइल नेहमीसारखीच कुजबुजीची होती; मी दुसरी लावली. आता आई कुजबुजत नव्हती. पोचत नाही असं वाटून मोठ्यानं बोलू लागली होती. मी बागेत, बायकोच्या कानात हेडफोन, आणि आत माझी आई चांगली खणखणीत बोलत होती.

"अहो, काल हिरवं झालं नाही. ऐकलंत का? आज भाजीत मीठ कमी होतं. सुनेला सांगू नका. येते हं."

पुढची. "आजही नाही झालं. रागावलात का? मी काय केलं?"

त्याच्या पुढची. "अहो, ऐकू येतंय का तुम्हाला? अहो!" ही हाक इतकी मोठी होती की आम्ही दोघांनी दचकून पलंगाकडे पाहिलं. आई भिंतीकडे तोंड करून होती.

मी बोटानं पुढं सरकत गेलो. रोज आवाज बारीक होत गेला. बायको तोंडात पदर कोंबून रडत होती. शेवटची फाइल कालची होती, जेमतेम अर्ध्या मिनिटाची.

"इथून काही पोचत नाही. मग मीच येते."

मी उठलो तो कसा राउटरपाशी गेलो ते आठवत नाही. पासवर्ड दोनदा चुकला. सातवं उपकरण मोकळं केलं, आणि बायकोच्या लॅपटॉपच्याही वर, सगळ्यांत वर नेऊन ठेवलं. बाकी सगळ्यांना खाली ढकललं. परत आलो, आईला उठवून पाठीशी उशी लावली आणि फोन तिच्या हातात दिला. हात हलका झाला होता, पापडासारखा. "आई, बघ," मी म्हणालो.

थोडा वेळ काही झालं नाही. मग सगळ्यात जुन्या फाइलपुढचं घड्याळ गेलं आणि हिरवी खूण आली. मग दुसरी. आईची नजर पडद्यावर आली. बाहेर राउटरमागे डिस्क गुरगुरत होती, ते आतपर्यंत ऐकू येत होतं. तिसरी, चौथी. मध्येच सहावीला अडकलं तेव्हा आईचा श्वासही अडकला आणि माझाही. मग तीही गेली. बाकीच्या भराभर गेल्या. "मीच येते" ही शेवटची गेली तेव्हा मला वाटलं, ही नसती पोचली तर बरं झालं असतं.

आईनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मला पाहिलं. ओठ हलले, आणि चौदा महिन्यांनी माझी आई माझ्याशी बोलली.

"काय म्हणाले?"

नोकरीत मी एकदाही खोटं रीडिंग लिहिलं नाही. काटा दिसत नसेल तर "दिसत नाही" असं लिहायचो आणि साहेबाच्या शिव्या खायचो. आईसमोर मात्र गप्प राहायची सोयच नव्हती. ती वाट बघत होती, आणि मी काय सांगतो त्यावर ती राहायचं की जायचं ठरवणार होती, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"म्हणाले," मी म्हणालो, "म्हणाले, अगं, इतक्यात कशाला येतेस. आधी चहा घे."

आईनं मान हलवली.

"हो," ती म्हणाली, "मलाही तसंच ऐकू आलं." आणि चहाच्या कपासाठी हात पुढे केला.