संसाराचा कंटाळा

चंडीगडला कूलर बंद झाल्यापासून रजया अंगावर येईपर्यंत जो महिना-दीड महिना मिळतो, तो माझा वाचनाचा. माहेरी अकोल्याला ऑक्टोबरात डोकं नुसतं तापायचं, तिथं कुठलं आलंय वाचन! इथं सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात दुपारी खुर्ची टाकली की ऊन अंगाला बरं वाटतं. पुस्तकं दरवर्षी तीच. एक जाडजूड कादंबरी, एका बाईनं एकटीनं केलेल्या प्रवासाचं पुस्तक आणि माझ्या आईचं, तेलाच्या डागांचं, पाककृतींचं पुस्तक. तेही मी गोष्टीसारखं वाचते. नवं काही हातात घ्यायचं त्राणच उरलेलं नाही. जुन्या पुस्तकात पुढं काय होणार ते माहीत असतं, तेवढाच जिवाला आराम.

नवऱ्याच्या बदल्यांपायी चार गावं झाली. चारही वेळा खोकी बांधली मी, सोडली मी. या पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी दरवर्षी मनातली एखादी ओळ लिहून ठेवते. वाचणारं कोण आहे घरात? नवऱ्याला वर्तमानपत्र पुरतं. लेक सतरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. कितीदा म्हटलं, "अगं, माझ्यासाठी यातलं एक तरी वाच." तर म्हणे, "आई, यार, टाइम कहाँ है?" तिच्या कोचिंगपुढं माझं काय चालणार! पण माझं हे एवढंसं सुख पोटच्या पोरीलाही ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटायचं.

यंदा दसरा झाला आणि नवलच घडलं. लेक प्रवासाचं पुस्तक घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी कोचिंगला दांडी मारली, न सांगता चहा केला, माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली. मी गच्चीवर रजयांना ऊन दाखवायला निघाले, तर ही मागोमाग. "अगं, अभ्यास कर की," म्हटलं, तर "तुम अपना काम करो, मैं यहीं हूँ." मी मेली खूश! वाटलं, लागलं बाई एकदाचं वेड पोरीला. बहिणीला फोन करून मिरवूनही घेतलं.

चौथ्या दिवशी मी हौसेनं विचारलं, "कुठवर आलीस गं?" आणि तिच्या मांडीवरच्या पुस्तकात डोकावले. शेवटचं पान उघडं होतं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: या संसाराचा आता कंटाळा आला. सुटायचं आहे.

"तुमने ही बोला था ना पढ़ने को," ती म्हणाली. "आई, संसार से... तुम ठीक हो ना?"

मला आधी काही उमगेचना. मग डोक्यात उजेड पडला. अरे देवा! हिंदीत संसार म्हणजे अख्खं जग. आई जगाला कंटाळली, आई सुटायला निघाली, असं समजून पोरगी चार दिवस माझ्यावर पहारा देत होती.

"अगं वेडे, तसलं काही नाही गं!" मी तिला जवळ ओढलं. हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. तिला समजावलं, मराठीत संसार म्हणजे हे आपलं घर. डबे, भांडी, बाबांचे शर्ट, बदलीची खोकी, आल्या-गेल्याचा चहा. दिवाळीचा फराळ तोंडावर आलाय, फार थकले होते त्या दिवशी, वैतागून लिहून टाकलं. मरणाबिरणाचा विचारही नव्हता मनात.

"पक्का?"

"पक्का. तुझी शपथ."

तिनं डोळे पुसले, मोठा श्वास सोडला. मी म्हटलं, सुटले बाई. ती मात्र त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती.

"तो इस वाले संसार में," तिनं हळूच विचारलं, "मैं भी आती हूँ ना?"

झटकन "नाही गं" म्हणायला हवं होतं. मी तिच्या बोटाखालून पुस्तक काढून मिटलं. तेवढ्यात ती उठली आणि रात्रीचे तांदूळ धुवायला आत निघून गेली.