‘तपासलं नाही’ म्हणणारे दस्तगीरभाई

दस्तगीर मुलाणी यांना सांगलीच्या संगणक केंद्रातून यंदाच्या, १९७८ च्या, गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी काढलं, सगळ्यांसमोर. कारण दिलं, कामात अडथळा. हे खोटं आहे.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, त्यांच्यासाठी लिहिते. कोरेगावचा माणूस, फौजेच्या सिग्नल विभागातून आलेला. अंगानं दणकट आणि स्वभावानं भित्रा. मशीन चालू करण्याआधी प्रत्येक बटण तीनतीनदा बघायचे. मी तिथं मशीनला आकडे देणारी कार्डं पंच करते. मी हसले की म्हणायचे, “हास गं. ज्याला भ्या वाटत न्हाई, त्यानं चाचण्या लिवू नयेत.”

आमच्याकडे कृष्णेच्या पुराचे अंदाज काढतात. मशीनवर दोन कामं एकाच वेळी चालतात. एकाचे आकडे दुसऱ्यात मिसळले, तर इशारा भलत्याच गावाला जाईल. तसं होत नाही ना, हे दस्तगीरभाईंनी लिहिलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे चाचण्या, पाहायच्या. मग मशीनचा सगळा कारभार चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, म्हणजे गाभ्याची, नवी आवृत्ती टेपवर आली आणि चाचण्या धडाधड नापास झाल्या.

“गाभा बिघडलाय का?” मी विचारलं.

“न्हाई गं. धाकट्या सुनेला थोरलीच्या नावानं हाका मारतोय आपण. ती ओ देईना, म्हंजे बहिरी न्हवं.”

त्यांनी प्रत्येक चाचणीच्या तोंडाशीच गाभ्याची आवृत्ती विचारली. जुना असेल तर जुना प्रश्न, नवा असेल तर नवा. आकडे मिसळतात का, हे मात्र नव्या गाभ्याला कसं विचारायचं ते अजून उमगलं नव्हतं. तिथं त्यांनी छापलं, ‘तपासलं नाही’.

केंद्राचे साहेब भडकले. “मुलाणी, मुंबईहून तपासणी येतेय. नवा गाभा दिसला की ‘पास’ छापा.”

“बघितलंच न्हाई, तर पास कसं, साहेब?”

“घाबरट आहात तुम्ही.”

“व्हय, लय भ्यातोय. पाणी चढलं आन् मशीन चुकीचं बोललं, तर मानसं जात्यात.”

मी मध्ये बोलले, तर मला बाहेर घालवलं. थोड्या वेळानं दस्तगीरभाई डबा काखेत घेऊन बाहेर आले. “पोरी, ती ओळ बदलू देऊ नगंस.” साहेबांनी ती दुपारीच बदलून घेतली. आता तिथं ‘पास’ छापून येतं, आणि नदी अजून उतरलेली नाही.

गुरुवारी सकाळी केंद्राच्या फाटकाशी या. मुलाणींना परत घ्या आणि तो ‘पास’ खोडा, एवढंच साहेबांना तोंडावर सांगा. मला भीती वाटते. तुम्हालाही वाटत असेल. तरी या.