पाच वाजेपर्यंतचा इस्तिखारा

कल्याणहून सकाळच्या एसटीने निघताना मी घरी सांगितलं, शबानाचं अभिनंदन करायला रोह्याला जाते. ते खरं नव्हतं. पुण्यातल्या एका संस्थेने नव्या लेखकांसाठी वर्षभराची पाठ्यवृत्ती ठेवली होती. जागा एक. ती माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, शबानाला मिळाली, आणि प्रतीक्षायादीत पहिलं नाव माझं होतं. तिला ते माहीत नव्हतं. माझं झालं नाही, एवढंच मी तिला सांगितलं होतं. होकार कळवायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती आणि शबाना अजून गप्प होती. फोनवर म्हणाली, ‘इस्तिखारा करतेय. तू येच.’

माझे वडील चळवळीची पत्रकं छापतात. ‘नशीब ही गरिबाला गप्प बसवायची युक्ती आहे’ असं पत्रक मी सतराव्या वर्षी स्वतः लिहून बाजारात वाटलं होतं. इस्तिखारा म्हणजे झोपायचं आणि स्वप्नात देव काय सांगतो ते बघायचं, अशी माझी समजूत. एरवी मी त्यावर तासभर भांडले असते. आज मनात एवढंच होतं, की तिला वाईट स्वप्न पडो.

हमरापूरला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गणपतीच्या पांढऱ्या मूर्ती उन्हात वाळत होत्या. पेणला गाडी बदलायची होती. स्थानकाबाहेर एका मावशींकडून शबानाच्या आईसाठी पोह्याचे पापड घेतले.

“कुनाकडं निघालीस गो?”

“मैत्रिणीकडे, रोह्याला. तिला मोठी जागा मिळालीय.”

“मंग तुझा तोंड असा का?”

मी ऊन लागतंय म्हणाले. मावशी हसल्या आणि पापड बांधू लागल्या. रोह्याच्या गाडीत एक गृहस्थ त्या पुडक्यावर कोपर टेकून नागोठण्यापर्यंत झोपले. निम्मे पापड मोडले.

रोह्यात कुंडलिका नदी संथ आणि रुंद दिसते. वारा फिरला की धाटावच्या कंपन्यांचा उग्र वास येतो. तिथल्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये शबाना काम करते. पुढच्या महिन्यात तिला कायम करणार आहेत. पुण्याला जायचं तर ते सोडावं लागणार. तिची अडचण ती.

तिच्या आईने दारातच माझा हात धरला. मी मोडक्या पापडांबद्दल बोलायला लागले तर म्हणाल्या, “तळल्यावर कोन बघतंय? बस, सांदण खा.” सांदण (तांदळाची वाफवलेली मऊ, गोड वडी) नारळाच्या दुधाबरोबर होतं. मी चार खाल्ली. त्या घरात सगळे इतक्या निवांतपणे वावरत होते, की मला राग येत होता.

“मग, पडलं का स्वप्न?” मी शबानाला विचारलं.

आईच हसल्या. “सपान बिपान काय नाय गो. दोन रकात नमाज पढायची, दुवा मागायची. यात भलं असंल तर सोपं कर, नसंल तर मला वळव.”

“पण सगळं आधीच लिहिलंय ना तुमच्यात? मग मागायचं कशाला?”

“लिहिलंय ते त्याला माहीत,” शबाना म्हणाली, “मला कुठे माहीत आहे? लॅबमध्ये माझ्या चुकीने सॅम्पल बिघडलं तर रिपोर्टात ‘तकदीर’ असं लिहिते का मी?”

“ल्ही एकदा,” आई म्हणाल्या, “साहेब तुझी तकदीर त्याच दिवशी दाखवंल.”

साडेचारला आई नमाजला उठल्या. शबाना मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसली.

“इस्तिखारा करायचा आणि भरवशाच्या माणसाचा सल्लाही घ्यायचा, अशी आमच्यात रीत आहे,” ती म्हणाली. “म्हणून तुला बोलावलं. सांग, जाऊ?”

मी पेल्यातलं पाणी संपवलं. मग म्हणाले, “इतके दिवस मन होत नाहीये तुझं. कदाचित नसेल तुझ्या नशिबात.”

ती बघतच राहिली. “हे तू सांगतेस? पत्रकवाली?”

“मला जे वाटतं ते सांगितलं.”

तिने मान हलवली आणि टाइप करायला लागली. ‘सध्याच्या नोकरीमुळे मला ही पाठ्यवृत्ती स्वीकारता’ इथपर्यंत मला उलटं वाचता आलं.

“थांब,” मी म्हणाले. “यादीत पुढचं नाव माझं आहे.”

तिने मोबाइल मांडीवर ठेवला. ती चिडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, “मग तुझा सल्ला बाद. जायचं माझ्या मनात होतंच.” लिहिलेलं पुसलं, होकार लिहिला, पाठवला. पाचला दहा मिनिटं कमी होती. आई आतून आल्या तेव्हा तिने त्यांना फक्त होकाराचं सांगितलं.

स्थानकावर ती सोडायला आली.

“जागा तुला मिळाली नाही, ते लिहिलेलं होतं म्हण,” ती म्हणाली. “झोप लागेल.”

“आणि खोटं बोलले ते?”

“ते तुझं. तकदीर सोसायला आहे, गुन्हा झाकायला नाही. माझ्या आजोबांनी शिकवलंय.”

“आणि थांब म्हणाले ते?”

“तेही तुझंच,” ती म्हणाली आणि माझ्या हातात सांदणाचा डबा दिला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तिचा हेवा करत होते. जागेचा तर होताच, आणि तो अजून आहे. लपवून काय करू. पण त्याहून जास्त हेवा तिच्या निवांत झोपेचा होता. आपल्याला करायचं ते ती करते आणि पुढचं कुणावर तरी सोडून देते. मी कुणावर सोडू? आमच्या घरी सगळं माणसाच्याच हातात असतं, हरणंसुद्धा. पेण येईपर्यंत मी ती जागा मनातल्या मनात तिच्याकडून तीनदा काढून घेतली होती, आणि तिन्ही वेळा ते लिहिणारं माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.