अम्मीच्या जागेवरून दिसणारा टीव्ही

त्या रविवारी अब्बा भोरहून सकाळच्या एसटीनं स्वारगेटला उतरले आणि आम्ही दोघं थेट टीव्हीच्या शोरूममध्ये गेलो. एलसीडी घ्यावा की प्लाझ्मा, यावर लोक तावातावानं भांडायचे तो काळ... आठवला की अजून हसू येतं.

मी पुण्यात नुकताच नोकरीला लागलेलो, त्यामुळे दीडशहाणा. आठवडाभर नेटवर वाचून एलसीडीच घ्यायचा हे ठरवूनच आलो होतो. प्लाझ्मा वीज जास्त खातो, तापतो, जड असतो... सेल्समनही माझ्याच बाजूचा निघाला. त्यानं आम्हाला मधल्या सोफ्यावर बसवून समोर दोन्ही टीव्ही लावले.

एलसीडी काय झगझगीत दिसत होता. मी कार्ड काढणार, तेवढ्यात अब्बा उठले आणि पार कडेला भिंतीलगतच्या स्टुलावर जाऊन बसले. सेल्समनला वाटलं, काहीतरी बिनसलं.

त्यांनी मला हातानं बोलावलं. "हितं बस. तुजी अम्मी हितनं बघती."

मी बसून बघितलं. तिथून एलसीडीवरची माणसं फिकी पडली होती, काळे केस राखाडी दिसत होते. प्लाझ्मावर मात्र सगळं जसंच्या तसं.

अम्मीचं शिलाई मशीन उजेडासाठी खिडकीशी, टीव्हीच्या एका अंगाला. अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवत ती वर्षानुवर्षं मान तिरकी करूनच मालिका बघायची... आणि आम्ही भावंडं समोर लोळत असायचो. मला हे कधी दिसलंच नव्हतं. फार लाज वाटली.

प्लाझ्मा घेतला. लाईट बिलाचं आमी बघून घेऊ, एवढंच अब्बा म्हणाले.

टीव्ही भोरला पोचला तेव्हा मी अम्मीला हट्टानं समोर बसवलं. पाच मिनिटांत उठून ती मशीनवर गेली, नुसतं हात बांधून बसवत न्हाई म्हणाली. मग शिवता शिवता तिनं सहज टीव्हीकडे बघितलं आणि तिची सुई थांबली.

"हितनं लई साफ दिसतंय की."

अब्बा पेपरात तोंड खुपसून बसले होते, त्यांनी वरही बघितलं नाही. दुपारी आमच्या बाजूनं टीव्हीच्या काचेत खिडकीच चमकायची, पण कुणी तक्रार केली नाही.

अब्बा आता नाहीत. अम्मीशी दोन शब्द गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही... त्यांचं तिच्याकडे लक्षच नसतं, असं मला वाटायचं. त्या स्टुलावर बसेपर्यंत.