पस्तीस की पन्नास?

“नीरज सगळं विकतोय गं. एकच ठेवणार, आणि मग आम्ही…”

जिन्यात शेजारच्या रोहिणीचं एवढंच कानावर पडलं आणि ती फोन घेऊन आत गेली. आता मला सांगा, एवढ्यावर कुणाला चैन पडेल? मला तर नाहीच! त्यातूनच पुढे माझी अशी शोभा झाली की काय बोलू!

संध्याकाळपर्यंत शास्त्री नगरातल्या आमच्या इमारतीत बातमी पक्की: हे दोघं नवरा-बायको घर विकून जयपूर सोडताहेत. बातमी पसरवली कुणी, ते विचारू नका. त्यात रोहिणीला सातवा महिना! मी पोह्यांची ताटली घेऊन थेट दारात.

“पोरांनो, अशा दिवसांत घर विकून कुठे चाललात?”

“घर नाही हो काकू, लेन्स!” रोहिणी हसून हसून खाली बसली.

म्हणजे विकणं खरं, जाणं खोटं. नीरज रेल्वेत, पण जीव त्याच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात.

“एका खांद्यावर बाळ येणार काकू. दुसऱ्यावर कॅमेरा आणि एकच लेन्स, सगळ्याला चालेल अशी. पस्तीस मिलिमीटरच्या लेन्समध्ये आख्खी खोली येते, पन्नासमध्ये बाळ जवळ येतं. एकदा विकली की अशी परत मिळायची नाही. ठरतच नाही!”

“मतलब एवढंच ना? मी ठरवते!”

तोंडात पोहे होते, नाही कसं म्हणणार बिचारा? पस्तीसची लेन्स लावून कॅमेरा दिला आणि मला गच्चीवर पाठवलं.

काय ती वेळ होती! नाहरगडाच्या डोंगरावर ऊन विरघळत होतं. कबुतरं उडाली की सगळं आकाश हलल्यासारखं वाटायचं. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला, तर आत उजळ रेघांची चौकट आणि त्या चौकटीत सगळं गाव गुलाबी धुक्यात तरंगतंय. मी स्वतःलाच विसरले. खटक्! खटक्!

मधेच नीरज पन्नासची लेन्स लावायला वर आला.

“वा काकू, झाकण आठवणीने लावलंत!”

मी मान डोलावली. आपणहून आलेलं कौतुक कोण परत पाठवतं?

चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या फोटोवाल्याने रोल धुऊन दिला. कोरा! पहिल्यापासून शेवटपर्यंत.

“काकू, फोटो काढताना दोन्ही वेळा लेन्सचं झाकण काढलं होतंत ना?”

“कसलं झाकण? मला तर सगळं जयपूर दिसत होतं!”

नीरजने कपाळाला हात लावला. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. झाकण असलं तरी डोळ्याला सगळं दिसतं. हे कुणी आधी सांगायला नको?

शेवटी रोहिणीनेच ठरवलं. “पस्तीसची ठेव.”

“पण बाळाचा चेहरा जवळून…”

“अरे, बाळाच्या प्रत्येक फोटोत काकू घुसणारच. मावायला नकोत?”