मूठभर भरडा

बायको गेल्यापासून तात्यांकडे धावत येणारं कुणी असेल, तर त्यांच्या चार शेळ्या. मक्याच्या भरड्याचा डबा खुळखुळला रे खुळखुळला, की चौघी एकमेकींना ढुशा देत दारात हजर. मुलगी दूरच्या गावाहून आठवड्यातून एकदा फोन करायची, तोही घाईघाईत. अशा माणसाने डबा दिवसातून एकदाच वाजवावा, ही अपेक्षा जरा जास्तच म्हणा. पण शेळीच्या पोटाला माणसाचं एकटेपण कळत नाही.

बायकोची शिस्त कडक होती. सकाळी आधी वाळला चारा, मग झाडपाला. तोही टांगून, कारण पायदळी आलेलं शेळी तोंडात घेत नाही. पाणी रोज ताजं. आणि भरडा फक्त संध्याकाळी, एकीला एक मूठ, गाभणीला दोन. तात्यांनी हे तीस वर्षं खाटेवर बसून पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही.

पांढरी गाभण राहिली तेव्हा तर त्यांनी हात सैलच सोडला. कपडे शिवणारी शेजारीण कुंपणावरून म्हणालीसुद्धा, "भावजी, किती वेळा वाजवता तो डबा? शेळी आहे ती, पाहुणी नव्हे."

"दोन जिवांची आहे."

"आणि तुम्ही? सकाळपासून काय खाल्लंत?"

यावर तात्यांनी पांढरीला आणखी एक मूठ घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी उठली नाही. डावी कूस टम्म फुगलेली, रवंथ बंद, दात करकरत पडलेली. डबा वाजवला तर तिने तोंड फिरवलं. 

जनावरांची डॉक्टरीण आली. कुशीवर मूठ दाबून पाहिली, सोडा पाण्यात कालवून नळीने पाजला, इंजेक्शन टोचलं.

"भरडा किती घालत होता?"

"मागायच्या तेव्हा. थोडा थोडा."

"शेळी मागतच असते, आजोबा. पोटात सगळं आंबलंय. वाचली तर आठवडाभर नुसता वाळला चारा. आणि भरडा घरात ठेवू नका, तुम्हाला राहवणार नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी पांढरीचा जबडा हलला. तात्या शेजारी जमिनीवर बसून पाहत राहिले. घास वर यायचा, चावून व्हायचा, खाली जायचा. बऱ्याच वेळाने ते उठले, भरड्याचं पोतं खांद्यावर घेतलं आणि शेजारणीच्या शिलाई मशीनपाशी नेऊन टेकवलं.

"रोज तुम्हीच मोजून द्या. माझी मूठ मोठी आहे."

"मूठ नाही हो मोठी," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. मग पायानेच पोतं मशीनखाली सरकवलं.

पांढरीला दोन करडं झाली, दोन्ही ठणठणीत. आता तात्या गोठ्यात शिरले तरी शेळ्या टांगलेल्या पाल्यात तोंड खुपसून असतात. एखादी मान वर करते, कोण आलं ते बघते आणि परत खायला लागते. तात्या पाण्याची बादली बदलतात. तेवढं झालं की गोठ्यात थांबायला त्यांच्याकडे तसं काही कारण उरत नाही.