लाल पेट्रोल

गवत कापायच्या मशीनला कोणतं तेल घालावं, यावरून मी दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घातली होती. टू-स्ट्रोक इंजिनाला साधं ऑइल चालत नाही, प्रमाण चुकलं तर पिस्टन जाम होतो, हे मला पाठ होतं. घरी येऊन औषधाच्या मापानं तेल मोजलं, पेट्रोलात मिसळलं. मिश्रण छान लालसर झालं. कॅन सापडेना, म्हणून कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून पडवीत ठेवलं.

दुपारी वहिनी उन्हातून आल्या. सर्दीनं त्यांचं नाक चोंदलेलं. मी खिडकीतून पाहिलं, तेव्हा बाटली त्यांच्या ओठांपाशी होती. मी पडवीकडे धावलो. पण मशीनची टाकी भरायला आलेला गडी दत्ताराम जवळच होता. त्यानं माझ्याआधी धावत जाऊन त्यांच्या हातावर फटका मारला. बाटली पडली आणि पडवीभर पेट्रोलचा वास सुटला.

"वहिनी, पोटात गेलं का?" दत्तारामनं विचारलं.

"नाही रे, ओठाला लागलं फक्त." त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, बाटलीवर सरबत लिहिलंय हो!"

यंत्राच्या घशाखाली काय जावं, याचा मी थेंबाथेंबानं हिशेब केला होता. माणसाचा घसा मनातही आला नव्हता. घरात कुणी वास घेऊन, तपासून पीत नाही. घर म्हणजे तेवढा विश्वास. तो मीच नासवला होता.

वहिनींनी साबणानं तोंड तीनदा धुतलं. मग दत्तारामला तांब्याभर पाणी आणि गूळ दिला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.